दुसरी फेरी

"बाई, तुमी म्हणला व्हता ना, कुणाला कळायचं नाय? मग माझ्या कांद्याला सावड का आली नाय?"

फोनवर चिमाबाई होत्या. आणे पठारावरच्या एका वाडीत त्यांचं शेत. वैजयंतीनं हातातलं काम बाजूला ठेवलं. राजकारणामुळं गावातली माणसं एकमेकांपासून किती तुटली आहेत, याचा सर्व्हे ती पुण्याच्या एका संस्थेसाठी करत होती. "तुमचं उत्तर तुमच्यामाझ्यातच राहील," असं तिनं दारोदार सांगितलं होतं, तेही छातीवर हात ठेवून.

सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं रान काढायचं, उद्या माझं. ती मोडली की पठारावर माणूस एकटा पडतो. चिमाबाईंचा कांदा रानात होता, आभाळ भरून आलं होतं आणि सावडीतलं कुणी फिरकलं नव्हतं. अवकाळी बरसला तर सगळं पीक जागेवर सडणार होतं.

वैजयंतीनं गाडी काढली. घरोघरी जाऊन प्रश्न विचारणारा अमृत आळेफाट्यावर गाडीत बसला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"मॅडम, माझ्यावर संशय असंल तर आत्ताच सांगा."

"चिमाबाईंचं मत फक्त तुला आणि मला माहीत होतं, अमृत."

"आईशप्पथ, बायकोला बी बोललो नाय."

तिला विश्वास ठेवायचा होता. पण मग उरत होतं कोण?

वाडीत दोन गट, जुना आणि नवा. गेल्या ग्रामपंचायतीपासून एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत. चिमाबाईंचे दिवंगत मालक जुन्या गटाचा खांब, आणि या बाई मनानं नव्या गटाकडे वळलेल्या. असं मत बदललेलं माणूस सापडलं की वैजयंतीचं काळीज सुपाएवढं व्हायचं. त्याच्याकडे ती स्वतः दुसऱ्यांदा जायची, "का बदललं?" विचारायची आणि आठवण म्हणून स्टीलचा डबा द्यायची. ही दुसरी फेरी तिचीच कल्पना. संस्थेत केवढं कौतुक झालं होतं तिचं!

वाडीच्या तोंडाशी कुंडलिकनानांचं घर. मागच्या खेपेला इथंच टायर बसलं होतं. ते बदलेपर्यंत नानांनी तिला ओट्यावर बसवून शेंगा खायला घातल्या होत्या. आज नाना ओट्यावरच होते, पण 'या, बसा' म्हणाले नाहीत.

चिमाबाई एकट्याच कांदा उपटत होत्या.

"आपण बोलत होतो तेव्हा घरात कुणी होतं?"

"सून माहेराला गेलती. दार लावून बोललो की आपन."

"नंतर तुम्ही कुणाजवळ बोललात?"

"मालकाच्या फोटूजवळ बी नाय बोलले."

"सावड कुणी थांबवली?"

"संपतनं. कुणाचं रान कवा काढायचं ते त्योच ठरवतो."

संपत म्हणजे जुन्या गटाचा म्होरक्या. त्यानं हसतमुखानं स्वागत केलं, चहा मागवला, फळीवरचा चकचकीत डबा उघडून लाडू पुढं केले.

"या मॅडम! तुमच्या सर्व्हेचा नारळ आमच्याच ओट्यावर फुटला. इसरला नाय ना?"

"सावड का थांबवली?"

"ज्यांनी गट सोडला, त्यांनी नव्या गटाची माणसं बोलवावी. आमी कशाला राबायचं?"

"कुणी सोडला?"

"चिमाकाकू. कुशाबाई. कुंडलिकनाना."

तिसऱ्या नावाला वैजयंतीचा कप ओठाशीच थांबला.

"नाना? नक्की?"

"शंभर टक्के."

"कुणी सांगितलं?"

"गावात काय लपतंय का, मॅडम?"

तिनं चहा तसाच ठेवला आणि गाडीपाशी आली.

"अमृत, तू सुटलास. माफ कर मला."

"म्हंजी?"

"नानांचं मत बदललेलंच नाही. तू उत्तरं फोडली असतीस तर त्यांचं नाव आलंच नसतं. या तिन्ही घरांत सारखं काय? माझी गाडी तिथं दुसऱ्यांदा थांबली. दोन घरी मी डबा द्यायला गेले. नानांच्या दारात नुसतं टायर बसलं. संपतला उत्तरं कुठली माहीत असायला? त्यानं फक्त गाडी बघितली."

"पण दुसरी फेरी कुणाकडं असती, ते त्याला कसं कळलं?"

"प्रश्न विचारायचा पहिला सराव मी एकटीनं त्याच्याच घरी केला होता. दुसऱ्यांदाही गेले होते."

अमृतनं डोळे मोठे केले. मग घाईनं म्हणाला, "मग नानांचं तरी सांगून टाकू. टायर बसलं व्हतं म्हणावं!"

"आणि नाना सुटले की राहिलेल्या दोघी पक्क्या अडकल्या."

तिला स्वतःचीच लाज वाटली. दार लावून, आवाज बारीक करून तिनं गुपित जपलं होतं, आणि ते गुपित पांढऱ्या गाडीत बसून सगळ्या वाडीला दाखवत हिंडली होती.

तिनं चिमाबाईंना आणि नानांना संपतच्या ओट्यावर बोलावलं. गाडी बघून आणखी चारदोन बाया जमल्या.

"संपतराव, तुम्ही माझी गाडी बघून माणसं वाळीत टाकलीत. गाडी कुठं थांबली त्यावरून कुणाचं मन कळत नाही."

"असं? मग सांगा, यातला कोण खरा नि कोण खोटा?"

"ते मी सांगणार नाही," वैजयंती म्हणाली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. नानांनी बोलायला तोंड उघडलं, चिमाबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. टायरची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. मग त्यांची नजर फळीवर गेली.

"संपत, असलाच डबा चिमाच्या घरात हाय. तुझ्याकडं कवा आला?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. संपत घाईनं फळीपुढं येऊन उभा राहिला.

"आवं, मी गंमत केलती! म्हणलं, मी नव्या गटात गेलो. मग या मॅडम दुसऱ्यांदा आल्या, का गेला इचारलं, डबा दिला. तवाच मी वळाखलं की..."

त्यानं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"तू गंमत केली," नाना उठत म्हणाले. "मग आमी गंमत केली का खरं बोललो, ते तुला कुठं ठावं?"

त्यांनी टोपी नीट केली आणि चिमाबाईंच्या रानाची वाट धरली. दोन बाया मागं निघाल्या. बाकीच्या संपतकडे बघत जागीच उभ्या राहिल्या.

वैजयंतीही वाफ्यात बसली. तिला नीट उपटता येत नव्हतं, पात तुटून हातात येत होती. अर्धा कांदा निघाला आणि टपोरे थेंब पडायला लागले. नाना ताडपत्री ओढायला धावले. उरलेलं रान डोळ्यांदेखत भिजत गेलं.

"चिमाबाई, माझं चुकलं. मी पुन्हा अशी..."

"बाई, तुमी वाईट नाय," चिमाबाई म्हणाल्या. त्या घरात गेल्या आणि स्टीलचा डबा पदरानं पुसून घेऊन आल्या. "पर ह्यो घेऊन जावा. अन् गाडी लांब फाट्यावर लावत जा, आमच्या दारात नको."