गुराबीचे गाऱ्हाणे

संग्रहालयाच्या मध्यदालनात ती गुराब उभी होती. खाडीच्या गाळातून उचललेले ते जुने लढाऊ जहाज. ही सारी वास्तू त्याच्याभोवतीच रचलेली. फळ्या सुकून तडकू नयेत म्हणून छतातून अखंड तुषार पडत, आणि आत येणारा प्रत्येक जण नकळत आवाज खाली आणी. सोमवारी दालन बंद असे. त्या दुपारी संग्रहालयाच्या प्रमुख डॉ. वसुधा हळबे यांनी दत्ताराम खवणेकरांना हाताला धरून जहाजाच्या पोटात नेले.

दत्ताराम हे या गुराबीचे सुकाणू धरणाऱ्या तांडेलाचे अखेरचे वंशज. तांडेलाने फितूर होऊन जहाज खडकावर घातले, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वदंता होती. गावात त्या घराण्याच्या हाती आजही कोणी सुकाणू देत नसे. दत्तारामांचा जन्म दुसऱ्यांची जाळी विणण्यात गेला होता. डोळे मिटण्यापूर्वी खरे काय ते ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

आत ध्वनिसंशोधक डॉ. बेहेरे आपण घडवलेल्या स्पंदनदीपापाशी बसले होते. त्यांनी म्हाताऱ्याला सावकाश समजावले. जहाज फुटले तेव्हा खलाशांनी फटीत उकळती राळ ओतली होती. ती गोठत असता भोवतीच्या आवाजांची कंपने तिच्या थराथरांत अडकून राहिली. दीपाच्या उष्ण किरणांनी राळेचा थर किंचित मऊ होतो आणि अडकलेले कंपन सुटते. ध्वनिग्राहक ते टिपतो.

"फळयेक कान असतत ह्या आधी कळला असता," दत्ताराम म्हणाले, "तर घरात जरा कमी भांडलो असतंय."

बेहेरे हसले आणि त्यांनी दीप लावला. आधी नुसती खरखर आली; मग फार खोलातून यावा तसा एक घोगरा पुरुषी स्वर.

"…तांडेलान… फितुरी करून… बुडवल्यान…"

आणि त्यामागून, बुडत्या जहाजावरच्या अवघ्या माणसांनी साक्ष द्यावी तसा, समूहाचा हुंकार, "होय…"

दत्तारामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाय, आता जहाजच सांगता हा," ते म्हणाले. "चल, माका घराक जाऊंदे."

वसुधाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या हुंकारात एक स्वर स्त्रीचा होता. लढाऊ गुराबीवर स्त्री कुठली? त्यांनी टिपलेला ध्वनी पुन्हा लावायला सांगितला. तो स्वर त्यांचा स्वतःचाच होता.

हा दीप प्रथम उजळला तेव्हा, नव्या कामाच्या आरंभी घालतात तसे, देवळाच्या गुरवाने याच फटीसमोर गाऱ्हाणे घातले होते. ज्या तांडेलाने फितुरी करून गुराब बुडवली, त्याचा दोष हिच्या माथी नको, असे त्याने देवाला विनवले होते. आणि रीतीप्रमाणे साऱ्यांनी "होय म्हाराजा" म्हटले होते.

"त्या दिवशी आपण दीप नुसता जुळवत होतो," बेहेरे हळूहळू म्हणाले. "ध्वनिग्राहक जोडलाच नव्हता."

"म्हणजे मूळ आवाज?"

"सुटला. टिपायला काही नव्हतं. आणि मऊ झालेली राळ पुन्हा गोठताना समोर जे असेल ते धरते." ते दीपाकडे पाहत राहिले. "राळ एवढ्याच फटीत उरली आहे, वसुधाताई."

वसुधाबाईंनी हे सारे दत्तारामांना सांगितले, आपण त्या दिवशी "होय" म्हटल्याचेही. त्यांनी विचारले, "आत्ता दिवो लावून मी बोललंय, तर ता ऱ्हवात?"

"राहील. पुढे जो ऐकेल त्याला तेच ऐकू येईल."

बेहेऱ्यांनी दीप लावला. दत्ताराम फटीसमोर हात जोडून उभे राहिले. वर तुषार पडत होते. पूर्वजाला निर्दोष ठरवणारे एक वाक्य, आणि घराण्याचा कलंक धुतला गेला असता. त्याला खोटे म्हणू शकेल असे आता जगात काहीच उरले नव्हते.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "माझ्या तांडेलान…" आणि थांबले. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, त्या दिसा काय घडला, ता आमका कोणाक ठाऊक नाय, म्हाराजा."

ते उत्तराची वाट पाहत राहिले. राळ अजून मऊ होती.

"होय म्हाराजा," वसुधाबाई म्हणाल्या.