पंधरावं नाव

टिक.

मी दारातून आत आले आणि हा आवाज झाला. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, छत्री उलटी झालेली, केसांतून पाणी गळतंय... पोहायला शिकवणारी बाई तलावात उतरायच्या आधीच ओलीचिंब! त्यात टॉवेल स्कूटरच्या डिकीत राहिला, म्हणून पुन्हा बाहेर पळाले. परत आले. टिक. मग आठवलं, किल्ल्याही तिथेच. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. टिक.

तेव्हा कुठे मी वळून पाहिलं. दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत एक तरुण बसला होता. गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र, हातात अंगठ्याने दाबायचं मोजणीयंत्र, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा गंभीर.

"तुम्ही मला तीनदा मोजलंत?"

"आत येईल तो एक... असा नियम आहे."

"मग मी दिवसभर ये-जा करते की! आकडा फुगेल, तलाव वाचेल. कसं?"

तो हसू दाबत होता, तेवढ्यात माझ्या गळ्यातली शिट्टी त्याला दिसली. "अरे — तुम्ही इथे शिकवता? मग नाही चालणार. नगरपालिकेचा कुठलाही कर्मचारी मोजायचा नसतो." यंत्र उलटं फिरत नव्हतं, म्हणून त्याने वहीत रेघ मारून नीट लिहिलं : वजा तीन.

"अगंबाई! माझी इतकी अचूक किंमत आजवर कुणी केली नव्हती."

त्याचे कान लाल झाले. त्या दिवसापासून मी त्याला टिकटिक म्हणायला लागले. आज वाटतं, त्या वजा तीनकडे मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

नगरपालिका तीन वर्षांपासून आमच्या इमारतीतली एकेक खोली बंद करत आणत होती. कला आणि खेळांचं अनुदान निम्म्यावर आलं होतं. आधी वरच्या मजल्यावरचा चित्रकलेचा वर्ग गेला, मग नाटकवाल्यांचा हॉल. आता पाळी तलावाची होती. दुपारच्या तुकडीत सलग तीन महिने पंधरा शिकणारे हवेत, नाहीतर कुलूप. माझ्याकडे होते चौदा. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, आणि त्यांच्यात माझी आत्या.

आई गेल्यावर आत्यानेच मला वाढवलं. तिच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी साफ हात टेकले. घरात काठीशिवाय चार पावलं टाकायची सोय नव्हती. पण तलावाच्या उथळ बाजूला, छातीभर पाण्यात उतरली की बाई चालायची! एकटी, हात हलवत, वर मला टोमणे मारत. "बघ, नवरा शोध म्हटलं तर तुला दम लागतो, आणि मी बघ कशी चालतेय." नोकरीची काळजी मलाही होतीच. पण माझा जीव अडकला होता तो तिच्या त्या चालण्यात.

टिकटिकला हे सगळं दारातून दिसायचं. तो रोज चौदा मोजायचा आणि रोज त्याचा चेहरा पडायचा. आणि एका मंगळवारी तो खुर्चीत नव्हताच. तलावाच्या काठावर ढगळ चड्डी घालून, हात छातीशी आवळून, कुडकुडत उभा होता.

"हे काय?"

"सुट्टी टाकली दुपारची. रोजच टाकणार आहे. मला शिकायचंय."

"पोहायची आवड आहे?"

"छे! पाण्याची भयंकर भीती वाटते. लहानपणी विहिरीत पडलो होतो."

"मग कशाला उगाच?"

त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि लगेच पाण्याकडे. "पंधरावा कुणीतरी हवा ना. आणि... तुम्ही शिकवता म्हणून."

मी मोठ्या थाटात हजेरीवही काढली आणि माझ्याच हाताने, माझ्या सुंदर अक्षरात, त्याचं नाव लिहिलं. पंधरावं. आत्याने पाण्यातूनच टाळ्या वाजवल्या.

तरंगणं शिकवताना पाठीखाली हात धरावा लागतो. मी शेकडो लोकांच्या पाठीखाली धरलाय, कधी काही वाटलं नाही. त्याच्या पाठीखाली धरला आणि माझंच लक्ष उडालं. तो लाकडासारखा ताठ, डोळे घट्ट मिटलेले.

"अंग सोडा."

"सोडलंय."

"याला सोडणं म्हणतात? मान तर बघा, कमान झालीय नुसती."

"हात काढू नका हं..."

"नाही काढत. डोळे उघडा आधी."

त्याने उघडले. छतावरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, पाण्याचा हिरवा उजेड त्याच्या गालावर हलत होता, आणि तो छताकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होता. "काय बघताय?" मी दटावलं. "तुम्हीच म्हणालात, डोळे उघडा," तो म्हणाला, आणि नाकातोंडात पाणी जाऊन ठसकला.

"अहो टिकटिक, बुडायचं तर हळू बुडा," आत्या ओरडली. "आमच्या पोरीला कामावरून काढतील."

असे दोन महिने गेले. तो कधी माझा तू झाला, कळलंही नाही. एकदा मी हात अलगद काढून घेतला, आणि तो तरंगत राहिला. मी त्याला सांगितलं नाही. इतकं सुख मला नंतर कधी झालं नाही, आणि होईल असं वाटतही नाही.

तिसरा महिना संपला. पंधराच्या पंधरा हजर! मी वही छातीशी धरून नगरपालिकेत गेले. तिथल्या साहेबांनी चष्मा नाकावर सरकवून नावं वाचली. शेवटच्या नावावर बोट थांबलं.

"हा आमच्याच खात्यातला ना? मोजणीला नेमलेला?"

मी मान डोलावली.

"कर्मचारी मोजायचा नसतो, बाई."

"मग खोडा ते नाव. चौदा धरा."

"चौदा असते तर मी सवलतीचा अर्ज वर पाठवला असता. वय झालेल्या लोकांची तुकडी, मिळालीही असती सवलत. पण नोंद चुकीची असलेल्या वर्गाला अर्जच करता येत नाही." ते वाईट नव्हते. त्यांनी वही मिटली आणि मला पाणी दिलं.

टिकटिक जिन्याखाली उभा होता. मी त्याच्यावर तुटून पडले. "तुला ठाऊक नव्हतं? तूच सांगितलंस ना मला तो नियम! पहिल्याच दिवशी!"

"त्या तलावात उतरलो की मी ऑफिसातला आहे हेच विसरायचो गं," तो म्हणाला. "तुला भेटायला येत होतो. बाकी डोक्यात काही नव्हतंच."

मला त्याला आणखी खूप बोलायचं होतं. पण नाव लिहिणारी मीच होते. वजा तीन वाचून हसणारीही मीच. मलाही तो कर्मचारी वाटेनासा झाला होता. तलाव आम्ही दोघांनी मिळून बुडवला, आणि तोही प्रेमाने. याचं काय करायचं?

शेवटच्या दिवशी सकाळपासूनच तलावातलं पाणी बाहेर सोडायला सुरुवात झाली. दुपारी बाकीचे भेटून, डोळे पुसून निघून गेले. आत्या मात्र हटून बसली. "आहे तेवढ्यात चालते. माझ्या वाटचं आहे ते." मी तिला उथळ बाजूला उतरवलं. पाणी कमरेला आलं होतं.

ती चालली. आधी नेहमीसारखी, मग जरा जपून. पाणी मांडीपर्यंत आलं आणि तिचं वजन तिच्या अंगावर परत यायला लागलं. ती टोमणे मारायची थांबली. मी एका बाजूने धरलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूला कुणीतरी बूट काढून, ऑफिसच्या पँटसकट उतरलं.

"माझी बदली झालीय," तो हळूच म्हणाला. "इथून आठ तासांच्या अंतरावर. आज निघतोय."

मी आत्याचा दंड नीट धरला.

"त्या दिवशी तू हात काढला होतास. कळलं होतं मला."

"मग घाबरला का नाहीस?"

"तू बाजूलाच होतीस... प्रेम आहे माझं तुझ्यावर. हे सांगायला याहून वाईट दिवस मला मिळाला नसता."

"माझंही आहे," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "पण तुझ्याकडे बघितलं की मला ती वही दिसते. आणि तुला?"

"मलाही," तो म्हणाला.

पाणी घोट्यापर्यंत आलं, मग फरशी उघडी पडली. आत्याचे गुडघे थरथरत होते. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"चालून झालं माझं," ती म्हणाली. "काठी आणा कुणीतरी."

काठी तलावाच्या काठावरच होती, चार पावलांवर. ती आणायची तर आमच्यापैकी एकाला हात सोडावा लागणार होता. आम्ही दोघंही तसेच उभे राहिलो.

मग त्याने हात सोडला आणि काठी आणायला गेला.