दादाच्या खोलीतला गारवा

लिफ्ट बंद होती. महिन्यातले वीस दिवस ती बंदच असायची, त्यामुळे शाळेतून परतलेल्या तिला नवल वाटलं नाही. फक्त पाय थोडे जड झाले. एका हातात तपासायच्या वह्यांची पिशवी, दुसऱ्या हातात बाबांची औषधं, आणि दुपारचे दोन वाजलेले. दुसऱ्या मजल्याच्या वर, जिथे जिना वळतो, तिथे वाटच अडली होती. एक भलंमोठं खोकं उभं होतं, आणि त्याला पाठ टेकून एक माणूस पायरीवर बसल्या बसल्या झोपला होता.

झोप खरी होती. दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईला खरी झोप आणि झोपेचं सोंग यातला फरक लगेच कळतो. त्याचं तोंड किंचित उघडं होतं, मांडीवर हातमोजे होते, आणि कानशिलावरून घामाचा एक थेंब अगदी सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखा खाली येत होता.

त्याला उठवायचं तिच्या जिवावर आलं. दोन वर्षांपूर्वी बाबांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून ती शाळेत असताना खालच्या मजल्यावरच्या बाई त्यांच्याकडे बघून जात, पण रात्रीतून तीन-चारदा तिलाच उठावं लागे. झोपमोड म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण पिशवी बोटांत रुतायला लागली होती.

“अहो... जरा सरकता का?”

त्याने डोळे उघडले. “झोपलो नव्हतो,” तो म्हणाला.

“छे. खोक्याला धीर देत होतात.”

तो हसला, अर्धवट झोपेतलं, सावध नसलेलं हसू. “कितव्या मजल्यावर जायचंय?”

“चौथ्या.”

“मलाही. डावीकडचं दार. एक मास्तर राहतात म्हणे तिथे, अंथरुणाला खिळलेले.”

“राहतात,” ती म्हणाली. “मी त्यांची मुलगी. आणि एसी बसवायला तुम्ही सकाळी येणार होतात.”

तो उठून उभा राहिला, हातमोजे खिशात कोंबले. “सकाळचं घर दुपारी संपलं. सहा दिवसांतलं हे नववं घर आहे. तेवढं... जिन्यातलं तुम्ही पाहिलं नाही, असं समजाल का?”

“विचार करते,” ती म्हणाली, आणि खोक्याशेजारून अंग चोरून वर निघाली. पायऱ्या तेवढ्याच होत्या, पण हसत चढल्या की कमी लागतात.

*

वातानुकूलनाचा हा सगळा घाट दादाने घातला होता. दादा दूर राहायचा, आणि दूर राहणारी माणसं घराची काळजी वस्तूंनी घेतात. त्याने फोनवरच सगळं ठरवलं होतं. बाल्कनीत एक मोठं यंत्र, आणि आत तीन. एक बाहेरच्या खोलीत, एक बाबांच्या खोलीत, एक ‘आमच्या खोलीत’. त्या खोलीत दादा-वहिनी वर्षातून पंधरा दिवस राहत. उरलेले दिवस तिथला पलंग चादर पांघरून पडून असायचा. दादाने यादी पाठवली, तेव्हा तिने न वाचताच ‘छान’ असं उत्तर दिलं होतं.

फिटर टेप घेऊन खोलीखोलीतून फिरला. बाबांच्या पलंगाशी थांबून म्हणाला, “सर, वारा थेट अंगावर येणार नाही असं बसवतो.” बाबांना एकेक शब्द ओढून काढावा लागे. ते म्हणाले, “पातळी... बघून... बसव.” शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. फिटरने पातळी मोजायची काचनळी त्यांच्यासमोर भिंतीला लावली, आणि मधला बुडबुडा त्यांना दिसेपर्यंत हात तसाच धरून ठेवला.

मग तो स्वयंपाकघरामागच्या लहानशा खोलीत आला. पश्चिमेच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि उचलून घेतला.

“इथे कोण झोपतं?”

“मी.”

“भिंत भाजतेय. रात्री नऊला हात लावून बघा कधी.”

“लावलाय.”

त्याने खिशातली यादी काढली. “ही खोली यात नाही.”

“नाहीच आहे.”

“आणि ती, चादर घातलेली?”

“दादाची. वर्षातून पंधरा दिवस.”

त्याने कागदाच्या चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. त्या न बोलण्याचाच तिला राग आला.

“असं बघू नका. मला उकडत नाही.”

तिच्या मानेवर केस चिकटले होते. त्याने ते पाहिले, आणि पाहिले नाहीत असं केलं. “बरं,” तो म्हणाला. “तुम्हाला उकडत नाही.”

पुढचे चार तास घरभर ड्रिलचा आवाज आणि विटकरी धूळ. ती वह्या तपासायला बसली, पण नजर सारखी बाल्कनीकडे जाई. तांब्याच्या नळीचं टोक तो एका हत्याराने हळूहळू फुलवत होता, धोतऱ्याच्या फुलासारखं. तिने न राहवून विचारलं, “एकाच यंत्रावर तीन खोल्या कशा चालतात? दुसरीच्या मुलाला सांगाल तसं सांगा.”

“बाहेर एक आई,” तो म्हणाला, “आत तीन पोरं. प्रत्येकाची नळी म्हणजे त्याचं ताट, आणि ही वायर म्हणजे त्याची हाक. ज्याने हाक मारली, आई त्याचंच ताट वाढते. म्हणून लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्या लावतो. हाक एकाची आणि ताट दुसऱ्याचं व्हायला नको.”

“तुम्ही शाळेत का नाही शिकवत?”

“शाळेतली यंत्रं उलटं बोलतात ना.”

ती हसली आणि चहा करायला उठली. तिने कप पुढे केला तेव्हा त्याच्या हातात पिवळी पट्टी होती. त्याने कप घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि कपातली वाफ निवेपर्यंत प्यायलाच विसरला.

संध्याकाळी त्याने तिन्ही यंत्रं एकदम चालू केली. तिन्ही खोल्या गार झाल्या. जाताना खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने स्वतःचा नंबर लिहिला. “काही वाटलं तर कंपनीला नको, मलाच करा.”

*

तो गारवा रात्रभर पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचं तेवढं यंत्र लावून ती शाळेत गेली, आणि परत आली तर बाबांचा चेहरा लालबुंद. यंत्र घोंघावत होतं, पण त्यातून येणारा वारा भट्टीसमोर उभं राहिल्यासारखा.

“गार... नाही,” बाबा म्हणाले.

तिने रिमोट उलटसुलट केला, बॅटऱ्या काढून घातल्या. मग तिला ठिबकण्याचा आवाज आला. थेंब... आणि थांबून पुन्हा थेंब. आवाज दादाच्या खोलीतून येत होता.

दार उघडलं. तिथलं यंत्र बंद होतं, आणि बंद यंत्रातून पाणी पलंगावर गळत होतं. तिने झाकणाच्या फटीला बोट लावलं. आत चक्क बर्फ धरला होता. बाबा घामाने निथळत होते, ती भट्टीत झोपत होती, आणि इथे, जिथे कोणी नव्हतं, तिथे बर्फ.

ती ओल्या चादरीच्या कडेला टेकली. रडावंसं वाटलं नाही. त्याला लागणारी ताकदही नव्हती. फक्त आता पहिल्यांदा तिने तो ‘छान’ असा निरोप मनातल्या मनात पुन्हा वाचला. तो आपण स्वतःच लिहिला होता.

मग तिने पुठ्ठ्यावरच्या नंबरला फोन केला. “दादाच्या खोलीतलं बंद आहे, तिथे बर्फ झालाय, आणि बाबांचं चालू आहे ते गरम हवा फेकतंय.”

“चालू आहे ते बंद करा. सरांना बाहेरच्या खोलीत आणा, तिथलं बरोबर आहे. मी निघालो.”

अर्ध्या तासात तो दारात होता, चार मजले चढून धापा टाकत. “चूक माझी आहे,” त्याने आत येण्याआधीच सांगून टाकलं. “दोन वायरींची अदलाबदल झाली. एकेक खोली वेगळी चालवून बघायची असते. मी तिन्ही एकदम लावली, म्हणून कळलं नाही. असं मी करत नाही. काल केलं.”

“काल काय झालं होतं?”

“थकलो होतो. आणि... पिवळी पट्टी हातात असताना चहा आला.”

“म्हणजे चहाची चूक.”

“चहाची नाही,” तो बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला. मान वर न करता. “ज्यांनी आणला, त्यांची.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “का मुद्दामच केलंत, पुन्हा यायला मिळावं म्हणून?”

“मुद्दाम यायचं असतं तर पान्हा विसरून गेलो असतो. सरांना घाम फोडला नसता.”

तो बाल्कनीत गेला. “दहा मिनिटांचं काम. वायरी बदलल्या की झालं.”

“थांबा,” ती म्हणाली. “बदलू नका.”

तिने दादाला फोन लावला. आवाज आपलाच आहे याची खात्री करत बोलावं, तसं ती बोलत होती.

“दादा, तुमच्या खोलीतलं यंत्र माझ्या खोलीत बसवतेय.”

“का गं ठकू? बिघडलं का?”

“नाही. माझ्या खोलीत उकडतं.”

“कधी बोलली नाहीस ते.”

“तू विचारलं नाहीस. आणि मी सांगितलं नाही. दोघांचीही चूक.”

“अगं, पण आम्ही आलो की? पोरांना सवय नाही उकाड्याची.”

“तुम्ही आलात की माझ्या खोलीत झोपा. पंधरा दिवस मी तुमच्या पलंगावर आडवी होईन. उरलेले साडेतीनशे दिवस मला झोप हवी आहे, दादा. मला... हवी आहे.”

वहिनीचा आवाज आला, “द्या इकडे. ठकू, बसव तू. यांना कळत नाही काही. आणि आधी का नाही गं बोललीस?”

फोन ठेवून ती वळली. बाल्कनीत फिटर पाठमोरा उभा होता. सगळं ऐकलेलं लपवण्याइतका चतुर तो नव्हता.

“कंपनीकडून करायचं तर पंधरा दिवसांनी तारीख मिळेल,” तो म्हणाला.

“आणि तुमच्याकडून?”

“मला आज सुट्टी आहे.”

“सुट्टीच्या दिवशी चार मजले चढून आलात?”

“झोपणार होतो. फोन आला.” तो ड्रिलची वायर सोडवू लागला. “तुम्ही खोलीतला पलंग तेवढा सरकवा.”

*

भिंतीला नवं भोक पडलं, नळ्या लांबल्या, पट्ट्या नीट लागल्या. मग त्याने नळ्यांतली हवा ओढून घेणारा पंप लावला, तो बंद केला, आणि दाब दाखवणाऱ्या गेजसमोर स्टूल ओढून बसला.

“आता?”

“आता काही नाही. तासभर बघायचं, काटा हलतो का. हलला तर कुठेतरी गळती आहे. बरेच जण दहा मिनिटांत उठतात.”

“तुम्ही?”

“मी बसतो. दिवसातला तेवढाच तास मला कोणी काही सांगत नाही.”

ती पलंगावर वह्या घेऊन बसली. मधेच म्हणाली, “एक विचारू? काल डोकावून गेलेल्या खालच्या बाईंना तुम्ही काकू म्हणालात. बाबांना सर. मला मात्र कालपासून कुठलीच हाक मारली नाहीत.”

तो काट्याकडे बघत राहिला. “सगळ्या घरांत ताई म्हणतो. सवयच आहे. इथे पहिल्याच मिनिटाला तोंडात आलं होतं... गिळलं.”

“का?”

“एकदा म्हटलं की मागे घेता येत नाही.”

तिने वहीत मान घातली. कुणाच्या तरी चुकलेल्या वजाबाकीवर बरोबरची खूण केली, मग खोडली. पुढच्या वहीचं पान उलटलं, आणि त्यानंतरचं तिला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन केशरी झालं होतं. खोली गार होती. तिची खोली. पायांवर चादर होती, वह्या नीट रचून ठेवलेल्या होत्या, आणि स्टूल रिकामं. ती धडपडत बाहेर आली. बाबांची चारची गोळी, बाबांना बाथरूमला न्यायचं...

बाहेरच्या खोलीत बाबा आरामखुर्चीत बसले होते, तोंड धुतलेले, भांग पाडलेले. शेजारी फिटर कागदावर कसलातरी त्रिकोण काढत होता.

“गोळी दिली,” तो उठत म्हणाला. “चिठ्ठीत होतं तशी. बाथरूमलाही नेऊन आणलं.”

“घट्ट... धरतो,” बाबा म्हणाले. “गणित... कच्चं.”

“मला उठवलं का नाही?”

“सर नको म्हणाले.”

“मी... नाही... म्हणालो,” बाबांनी तिथल्या तिथे उत्तर तपासून दिलं. “आणि तू... घोरत... होतीस.”

फिटरने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. ती त्याच्यामागे दारापर्यंत गेली. तो उंबरठ्याबाहेर उभा, ती आत. दोघांच्या मधून गार वारा जिन्यात निघाला होता.

“खोटं बोललो,” तो म्हणाला. “उठवावंसं वाटलं नाही. मी रोज दुसऱ्यांची घरं गार करतो, आणि घरी गेलो की बोलायचंही त्राण नसतं. लोकांसमोर ताजंतवानं दिसावं लागतं. तुमच्यासमोर... ते लागत नाही. असं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. एवढंच. तुम्ही नको म्हणालात तरी यंत्राची हमी राहीलच.”

ती बराच वेळ दाराच्या कडीशी खेळत राहिली. थकवा अजून होताच. दोन तासांच्या झोपेने दोन वर्षांचा शीण जात नाही. पण त्याच्या तळाशी काहीतरी हललं होतं.

“मला मागायची सवय नाही,” ती म्हणाली. “आज दुपारी पहिल्यांदा मागितलं, तेव्हा स्वतःचाच आवाज ओळखू येईना. त्यामुळे जरा... दमाने घ्यावं लागेल.”

“मला घाई नाही.”

“मला वाटतं, तुम्ही यावंत. काही न बिघडता.”

तो काही बोलणार, तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. एकेक शब्द ओढत, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा खणखणीत.

“दार... लावा. गारवा... चाललाय. आत... की बाहेर... काय ते... ठरवा.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पिशवी खांद्यावरून उतरवली, बूट काढले, आणि आत आला. तिने दार लावून घेतलं.