परत आलेलं पाकीट

हा प्रसंग माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेला आहे. कुणाला पटो, न पटो. मावशी खोटं बोलत नाही, आणि हे सांगताना तर ती आजही माझा हात घट्ट धरून बसते.

यात मध्यरात्र नाही, स्मशान नाही. भर दुपार होती. मंगळवार. जेवणाची सुट्टी.

जागा, कोर्टाच्या तळमजल्यावरची नोटीस बजावणीची खोली.

मावशी तिथे कारकून होती. नोटिसा पाकिटात घालायच्या, रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या आणि सहीची पोचपावती आली की ती फायलीला लावायची. तिच्या टेबलावर घरातल्या मारहाणीचे खटले असत. नवऱ्याला नोटीस जायची, सोबत बायकोच्या अर्जाची प्रत.

पण बायको जिथे लपून राहते, तो पत्ता त्या अर्जाच्या तिसऱ्या पानावर असायचा. चार ओळी. तो नवऱ्याला कळता कामा नये. म्हणून त्या ओळींवर पांढऱ्या कागदाची पट्टी डिंकाने चिकटवायची आणि मगच झेरॉक्स काढायची.

एवढंच काम.

मावशी कामाला वाघ. भूत समोर आलं तरी त्याची सही घेऊन पोच फायलीला लावेल, असं आम्ही तिला चिडवायचो. आता कुणी चिडवत नाही.

त्या वर्षी एक पाकीट परत आलं. वर शेरा होता, 'पत्ता अपुरा'.

ज्या बाईचा अर्ज होता, ती दर तारखेला सहा वर्षांच्या लेकीला घेऊन यायची. ओठावर टाक्यांची खूण. खिडकीशी येऊन हळूच विचारायची, "ताई, पोचली का हो नोटीस?"

नोटीस पोचल्याशिवाय, नवऱ्याने तिच्या जवळपास फिरकू नये असा हुकूम निघत नव्हता. मावशीला तिच्या तोंडाकडे बघवत नसे.

तिने नवं पाकीट केलं. आतले कागद तेच. पत्ता ठळक अक्षरात लिहिला आणि पाठवून दिलं.

बाराव्या दिवशी सकाळी टेबलावर बघते तर…

तेच पाकीट. शेरा, 'घर बंद'.

'घेण्यास नकार' असा शेरा असता तरी चाललं असतं. नकार दिला की नोटीस पोचली असं धरतात. पण शेरा लिहिणाऱ्याला जणू हे पक्कं ठाऊक होतं.

मावशीने पोस्टमनला फैलावर घेतलं. तो बिचारा रडकुंडीला आला. "बाई, शपथेवर सांगतो, हे पाकीट मी आणलंच नाही. ही माझी यादी बघा."

यादीत खरंच नव्हतं.

मग तिने पाकीट उलटं केलं. परत आल्याचा शिक्का…

नव्हता. नुसता पेन्सिलीचा शेरा. गोल, सुबक अक्षर.

खोलीतले म्हातारे शिपाईकाका ते अक्षर बघून दोन पावलं मागे सरले.

"काय झालं हो काका?"

"काही नाही ताई. ऊन फार आहे आज."

मावशीने फार विचार केला नाही. सात-आठ महिन्यांपूर्वी, ती या टेबलावर नवीन असताना, असंच एक पाकीट दोनदा परत आलं होतं. तेव्हा तिने ते बेलिफाच्या हाताने थेट घरी पोचवलं होतं. कोर्टातल्या साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली होती. आताही तेच करू, असं तिने ठरवलं. तिसरं पाकीट तयार केलं. कागद पुन्हा तेच.

आणि मंगळवारी दुपारी तो नवराच खिडकीत आला.

सगळे जेवायला गेले होते. मावशी एकटी. माणूस चांगला नीटनेटका, आवाज मऊ. "ताई, माझी नोटीस परत येतेय असं वकील म्हणाले. उगाच तारखा वाया. द्या की, इथेच सही करतो."

मावशीला हायसं वाटलं. तिने पाकीट समोर घेतलं. त्याने पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात पाठीमागून…

टक. टक.

कागदांचा गठ्ठा सारखा करायला टेबलावर आपटतात ना, तसा आवाज.

मावशीने वळून पाहिलं. मागचं टेबल कित्येक महिने रिकामं होतं. त्यावर एक कागदही नव्हता.

उंदीर असेल, असं म्हणून तिने पाकीट उचललं.

टक. टक.

पाकिटाची खालची कड उकलली. कागद सटासट तिच्या पायाशी पडले. ती वाकली. सगळ्यात वर तिसरं पान होतं.

पट्टी नव्हती.

झेरॉक्सच्या वेळी ती कधी निसटली देव जाणे. चारही ओळी उघड्या. रस्ता, इमारत, मजला, खोलीचा आकडा. सगळं.

आणि त्या ओळींवर…

अंगठ्याचा ओला ठसा. डिंकाचा. कुणीतरी पत्ता अंगठ्याने दाबून धरला असावा तसा. अजून चिकट होता.

तिने ते पान छातीशी धरलं आणि कशीबशी उभी राहिली. "पाकीट फाटलं. दुसरं करून पोस्टाने पाठवते."

"कागद तर बरे दिसतायत." त्याने खिडकीतून हात आत घातला. आवाज आता मऊ नव्हता. "आण इकडे."

त्याची बोटं पानाच्या कडेला लागली.

आणि तिथेच थांबली.

तो मावशीकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने हात हळूहळू मागे घेतला.

"त्या मागच्या बाईंना सांगा… असं बघू नका म्हणावं."

एवढं बोलून तो निघून गेला. पेन खिडकीतच राहिलं.

मागे कुणी नव्हतं. रिकाम्या टेबलाची खुर्ची मात्र कुणीतरी नुकतंच उठल्यासारखी मागे सरकलेली होती.

काका जेवून आले तेव्हा मावशी भिंतीला टेकून उभी होती. मग त्यांनी तोंड उघडलं.

"तुमच्याआधी हे काम एक बाई करायच्या. त्या मागच्या टेबलावर बसून. गठ्ठा दोनदा आपटल्याशिवाय पाकिटात घालत नसत. एकदा त्यांच्या हातून पट्टी राहिली."

"मग?"

"तारखेच्या आधी त्या खटल्यातला नवरा तिथे पोचला." काकांनी ती मागची खुर्ची टेबलाखाली सरकवली. "बाईंनी पुढे दोन दिवस कामावर येऊन प्रत्येक पान तपासलं. तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. महिन्याभरात गेल्याच. ते गोल अक्षर त्यांचं."

मावशीने त्याच दिवशी साहेबांपुढे चूक कबूल केली. नवी प्रत काढली, पत्ता झाकला, तीनदा तपासला. चौथं पाकीट गेलं आणि तिसऱ्या दिवशी पोचपावती आली. हुकूम निघाला. लेकीचा हात धरून ती बाई खिडकीशी आली आणि रडली. मावशीचा जीव भांड्यात पडला.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण त्या संध्याकाळी पोचपावती लावताना मावशीचा हात मध्येच थांबला. तिला ते सात-आठ महिन्यांपूर्वीचं पाकीट आठवलं. दोनदा परत आलेलं. बेलिफाच्या हाताने पोचवलेलं.

तिने ती जुनी फाईल काढली. परत आलेली दोन्ही पाकिटं आत होती. शेरे… गोल अक्षरात.

पोचपावतीवर नवऱ्याची ठसठशीत सही. त्यानंतरच्या पानावर, अर्जदार गैरहजर. पुढच्या तारखेला, अर्जदार गैरहजर. त्यापुढे, अर्जदार गैरहजर. अर्ज निकाली.

साहेबांनी पोलिसांना त्या अर्जदार बाईच्या पत्त्यावर पाठवलं. खोलीला कुलूप होतं. आत सामान तसंच. ती बाई स्वतःहून पळाली, की… आजवर कुणाला कळलेलं नाही.

मावशी निवृत्त होऊन चार वर्षं झाली. दुपारी दीड वाजला की ती घास तोंडात तसाच ठेवून कान देते. मला काही ऐकू येत नाही. मी म्हणतो, "मावशी, तू त्या लेकुरवाळीला वाचवलंस ना? मग आता कशाला घाबरतेस?"

ती माझा हात धरते.

"अरे, तिला त्यांनी वाचवलं. त्या आधीच्या पाकिटाच्या वेळी पण त्यांनी मला दोनदा थांबवलं होतं. मीच हुशारी केली."