न खरवडलेले टोक

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तिने दुकानाचे शटर वर ढकलले. कमरेच्या उंचीला ते नेहमीप्रमाणे अडकले आणि तिने नेहमीप्रमाणे त्याला गुडघ्याने धक्का दिला. मग दिवे, मग पंखा. कामाच्या टेबलावरची रबरी चटई झटकून तिने तिच्यावर पक्कड, कटर, मीटर आणि पातळ पात्याची सुरी याच क्रमाने मांडली. बाहेर बारीक रिपरिप चालू होती. साडेआठला एक टॅक्सीवाला गाडी लावून चहाला गेला. त्याला नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवून हवा होता. बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत जाणारी जाड वायर कापण्यासाठी तिने नव्या रिळाचे टोक ओढले.

दुकान बाबांनी उभे केलेले. पाठीच्या दुखण्यामुळे ते आता घरीच असत. माल आणणे दादाकडे, आणि गाड्यांतले ऑडिओचे वायरिंग तिच्याकडे. बाबांनी तिला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. कुठलीही वायर गाडीत घालण्यापूर्वी टोक सोलायचे आणि आतल्या तारा पात्याने खरवडायच्या. आतपर्यंत लाल असेल तर तांबे. वर लाल आणि आत पांढरी असेल तर अ‍ॅल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा. दिसायला दोन्ही सारख्याच जाड, पण दुसरी वीज कमी पेलते आणि लवकर तापते. नऊ वर्षांत ही रीत तिने एकदाही चुकवली नव्हती. दादा तिला ‘वायरींची नाडीपरीक्षा’ म्हणून हसत असे.

तिने तारा खरवडल्या. आत पांढरे होते.

हातभर पुढे कापून तिने पुन्हा खरवडले. तेथेही पांढरेच.

तिने सुरी खाली ठेवली. हे रीळ सोमवारी उघडले होते. त्यातली वायर आजवर एकाच गाडीत गेली होती. त्या दिवशी ती आपण खरवडली होती का, हे आठवण्याचीही गरज नव्हती. तिला माहीत होते. खरवडली नव्हती.

ती गाडी ‘कानवाल्या’ची होती.

हे नाव दादाने ठेवलेले. पंधरा दिवसांपूर्वी पुढचा रस्ता खणला होता, म्हणून एक निळी गाडी वळायला त्यांच्या दारात शिरली. चालकाने काच खाली केली आणि मागे जायला जागा आहे का, असे विचारले. त्याला उत्तर द्यायच्या आधीच ती म्हणाली,

“तुमच्या गाडीत डास आहे.”

“काय?”

“स्पीकरमध्ये. एक्सिलरेटर दिला की तोही वर चढतो. ऐका—”

तो तिच्याकडे बघतच राहिला. “तुम्हाला ऐकू येतो? आईला येत नाही, मित्रांना येत नाही. मला वाटलं, माझेच कान बिघडले.”

“मग तपासून घ्यायचे कुणाकडून तरी.”

“मीच तपासतो,” तो हसला. “लोकांचे.”

लहान मुलांची श्रवणचाचणी करणे हा त्याचा व्यवसाय होता. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन आला. कुणीतरी बॅटरीची वायर आणि गाण्याचा आवाज वाहून नेणारी वायर एकाच बाजूने, एकमेकींना चिकटवून नेली होती.

“या दोघी शेजारी आल्या की कुरकुर होणारच,” ती म्हणाली. “एकीला डावीकडून नेते, दुसरीला उजवीकडून.”

“आमच्या दवाखान्यात अशाच दोघीजणी आहेत. त्यांचंही एकदा वायरिंग करून द्याल का?”

तिला हसू आवरले नव्हते. डास गेला. पण सोमवारी तो पुन्हा दारात उभा. “आहे अजून. अगदी बारीक...” तिने कान लावला, इंजिन चालू करून, बंद करून, सीटखाली डोके घालून दीड तास शोध घेतला. तिला काही ऐकू आले नाही. पण त्याचे कान तर शिकलेले! शेवटी मळकट जुन्या मुख्य वायरीवर संशय घेऊन तिने ती काढली आणि नव्या रिळातली कापली. टोक सोलले. सुरी हातात घेतली. तो उघड्या दाराला हात टेकून बोलत होता.

“मुलाला पहिल्यांदा आवाज ऐकू येतो ना, तेव्हा ते हसत नाही. थांबतं. हातातलं खेळणं, पाय, सगळं थांबतं... मग ते माझ्याकडे बघतं.”

आणि तीही थांबली होती. वर बघितले, तेव्हा तो तिच्याकडेच पाहत होता. मग सुरी कधी खाली ठेवली आणि टोक कधी सरळ बसवून टाकले, ते तिला कळले नाही.

“गुरुवारी दहाला निघतोय,” जाताना तो म्हणाला होता. “आईला मावशीकडे सोडायचंय. सहा तासांचा रस्ता, सगळा डोंगरातला. तिला एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे गाणी मोठ्याने लागतात.”

आज गुरुवार होता. घड्याळात नऊ वाजायला पाच मिनिटे होती. सहा तास, मोठा आवाज, गालिच्याखाली तापत जाणारी वायर. आणि फ्यूज तिने तांब्याच्या हिशोबाने निवडलेला. वायर वितळू लागली तरी तो उडेलच असे नव्हते.

दादा आला तेव्हा तिने कापलेले टोक त्याच्यापुढे धरले. त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

“नेहमीच्याकडे माल नव्हता म्हणून नव्याकडून आणलं गं. काही होत नाही. अर्धं शहर याच वायरीवर वाजतंय.”

“कानवाल्याच्या गाडीत हीच घातलीय. त्याची आई मागे बसणार आहे, दादा.”

“बरं, मग फोन कर. म्हणावं, फ्यूज काढून ठेवा, फ्यूजच्या मालात गडबड निघाली. तो गाण्यांशिवाय जाईल, धोका टळेल. परत आला की गुपचूप बदल. दुकानाचं नावही राहील.” तो थांबला. “आणि तुझंही.”

ती फोनकडे पाहत राहिली. दादा म्हणत होता ते सोपे होते आणि त्यात कुणाचे नुकसानही नव्हते. खरे सांगितले, तर तो विचारणार— नऊ वर्षांत चुकली नाही ती बाई माझ्याच गाडीत कशी चुकली? त्याचे खरे उत्तर एकच होते. ते उत्तर दिल्यावर तो पुन्हा या दारात येईल का? बेफिकीर कारागिरीण, आणि वर लाजबीज सोडलेली...

तिने फोन लावला. “गाडी सुरू करू नका. मी येतेय,” एवढेच बोलून ठेवला.

त्याची जुनी वायर खिळ्यावर टांगलेली होती. तिने ती उतरवून टोक खरवडले. लाल. आणखी खोल, तरीही लाल. मळली होती, एवढाच तिचा दोष. ती गळ्यात अडकवून तिने अवजारांची पिशवी स्कूटरवर ठेवली.

“अगं, रेनकोट!” दादा मागून ओरडला.

कामाच्या कार्डावरचा पत्ता तिने शोधून काढला, तेव्हा इमारतीच्या वाहनतळात निळी गाडी सामानाने भरलेली होती. त्याची आई पर्स मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली होती. भिजलेली, गळ्यात वायर घातलेली मुलगी पाहून तो पुढे आला.

“अहो, तुम्ही... काय झालं?”

“सोमवारी मी चुकीची वायर घातली.” तिने पांढरे टोक त्याच्या हातावर ठेवले. “आत अ‍ॅल्युमिनियम आहे. तापते. रस्त्यात काहीही झालं असतं. आईंना आधी खाली उतरवा, मी बॅटरी सोडवते.”

तो टोकाकडे पाहत राहिला. “तुम्ही तर प्रत्येक वायर तपासता. तुम्हीच सांगितलं होतं.”

“हो.”

“मग?”

रिपरिपीचा आवाज अचानक मोठा वाटू लागला. “ही खरवडली नाही... तुम्ही बोलत होता. त्या मुलांबद्दल. मी— ऐकत होते. तुमच्याकडे बघत होते. बाकी काही कारण नाही.”

तो वळला, आईचा हात धरून तिला उतरवले आणि बाकावर नेऊन बसवले. तिने बॅटरीचे टोक सोडवले, सीट उचलली, गालिचा मागे सारला. संपलं, ती स्वतःला सांगत होती. निदान काम तरी नीट कर. क्लिपा बोटांतून निसटत होत्या.

मग गालिच्यावर उजेड पडला. तो टॉर्च धरून गुडघ्यांवर बसला होता.

“मलाही एक सांगायचंय,” तो खाली बघत म्हणाला. “डास पहिल्याच दिवशी गेला होता.”

तिचा हात थांबला. “म्हणजे? सोमवारी—”

“सोमवारी डास नव्हता. मला यायला दुसरं कारण सुचलं नाही.”

“अहो, दीड तास मी सीटखाली डोकं घालून तो शोधत होते!”

“मी बघत होतो.”

“आणि चांगली वायर काढली मी! तुमच्या थापेपायी!”

“हो. चुकलो.” टॉर्चचा उजेड किंचित हलला. “आई मागे बसणार होती हे आता लक्षात येतंय आणि हात गार पडलेत. तुम्ही आला नसता तर...”

ती त्याला फैलावर घेणार होती. पण त्याचा चेहरा इतका पांढरा पडला होता, की तिने नुसते जुन्या वायरीचे टोक पुढे केले.

“धरा. घट्ट. आणि आता बोलू नका. मी मध्येच थांबते मग.”

तो बोलला नाही. तासाभराने वायर जागेवर बसली. तिने फ्यूज लावण्यापूर्वी प्रत्येक जोड दोनदा ओढून पाहिला, वायर जिथे पत्र्यातून आत शिरते तिथले रबर तिसऱ्यांदा. बाकावरून आईचा ठणठणीत आवाज आला,

“काय रे, गाडी दुरुस्त करताय की तिथेच संसार मांडताय?”

दोघेही गाडीतच आडवे होते. दोघांनीही एकमेकांकडे बघायचे टाळले.

निघताना त्याने काच खाली केली. “रविवारी परत येतोय. गाडीत काहीही बिघाड नसेल... तरी येऊ का?”

तिने तोंड उघडले, तेवढ्यात मागून आईने “चल रे बाबा, मावशी वाट बघून जेवायची थांबेल” म्हणत त्याच्या खांद्यावर पर्स आपटली. गाडी हलली. वळणावर निळा रंग दिसेनासा होईपर्यंत ती कान देऊन उभी होती. स्पीकरांतून फक्त गाणे ऐकू येत होते.

दुकानात ते रीळ पोत्यात बांधून परत पाठवायला तयार होते. टेबलावर वायरीचे नवे भेंडोळे पडले होते.

“दुसरीकडून आणलंय,” दादा तिच्याकडे न बघता म्हणाला. “दुकानातच खरवडून बघितलं मी. फार रागावला का गं तो?”

“नाही.”

तिने कपाटातून निळ्या गाडीचे कामाचे कार्ड काढले. ‘मुख्य वायर बदलली’ या ओळीखाली लिहिले : ‘जुनी तांब्याची परत घातली. चूक दुकानाची.’ जरा थांबून ‘दुकानाची’ खोडले आणि ‘माझी’ लिहिले. त्याखाली छापलेली ओळ होती, ‘पुढील तपासणी’. तिथे सोमवारी तिने ‘सहा महिन्यांनी’ असे भरले होते. पेन त्या शब्दांवर बराच वेळ टेकून राहिले. मग तिने ते खोडून ‘रविवार’ लिहिले.

दादा खांद्यावरून डोकावला. “रविवारी दुकान बंद असतं.”

“माहीत आहे.”

प्रत्येक कार्डाचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवायची दुकानाची पद्धत होती. तिने फोटो काढला, पाठवला आणि फोन खणात ठेवला. टॅक्सीवाला दोनदा डोकावून गेला होता. तिने नव्या भेंडोळ्याचे टोक सोलले आणि सुरी उचलली.

“अगं, मी बघितलंय म्हटलं ना!”

“तरी,” ती म्हणाली आणि तारा खरवडल्या. लाल होत्या. खणात फोन थरथरला, तेव्हा तिने आधी दुसरे टोक खरवडून पाहिले.