व्हॉल्व्हचं माहेरचं नाव

"हा व्हॉल्व्ह आमचा नाही!"

गिरगावातल्या त्या चिंचोळ्या दुकानात अक्षदाने ॲम्प्लिफायर काउंटरवर असा काही आदळला, की आतले काचेचे व्हॉल्व्ह किणकिणले. बाबांचा जीव की प्राण तो! लालबागहून टॅक्सीत मांडीवर घेऊन आली होती ती. दुरुस्तीला दिला, तर या माणसाने आतला मालच बदलला?

काउंटरमागच्या स्वरूपने सोल्डरिंग गन बाजूला ठेवली. "आवाज येत नाहीये का?"

"येतोय. पण जुन्यावर ईसीसी एटी थ्री होतं, ह्याच्यावर भलतंच... ट्वेल्व्ह एएक्स सेव्हन! मला काय डोळे नाहीत?"

"आहेत की... छान आहेत," तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे – वस्तू एकच आहे हो. युरोपात एक नाव, अमेरिकेत दुसरं. बाईचं नाही का, माहेरचं एक, सासरचं एक..."

झालं! आगीत तेल पडलं.

"बाईचंच का बदलायचं?" अक्षदा कडाडली. वरळीच्या स्थळाने परवाच फर्मान काढलं होतं: मुलगा स्वप्नील, म्हणून सून स्वप्नाली. "अक्षदा म्हणजे डोक्यावर टाकायचे तांदूळ," असं म्हणून होणाऱ्या सासूबाई हसल्या होत्या. ताटातल्या तांदळात अंगठीने काय लिहायचं तेही ठरलं, आणि आईबाबा नुसते माना डोलवत बसले! हे सगळं तिने त्या परक्या माणसाला एका दमात ऐकवलं. "त्यांना मी नकोच आहे. मापात बसणारी कोणीही चालेल!"

तो हसला नाही. त्याने खोक्यातून आणखी एक व्हॉल्व्ह काढून बसवला. "हा जरा वेगळा. बघा, त्याच भोकांत बसतो, पेटतोसुद्धा..."

गाणं लागलं, पण घसा धरल्यासारखं दबकं.

"कोणीही नाही चालत," तो हळूच म्हणाला.

त्यानंतर त्या ॲम्प्लिफायरला दर शनिवारी काहीतरी दुखणं निघू लागलं. स्वरूप मन लावून तपासायचा, काही सापडायचं नाही, मग चहा यायचा. 'अहो'चं 'अगं' झालं. पण त्यापुढे गाडी सरकेल तर शपथ!

एका शनिवारी ती तिरप्या पावसात भिजत, रिकाम्या हातांनी आली.

"आज काय बिघडलं?"

"तुझं डोकं! उद्या साखरपुडा आहे माझा, आणि तू विचारतोयस काय बिघडलं?"

"मी काय बोलणार... त्यांचा वरळीला ब्लॉक आहे. माझं हे एवढंसं दुकान–"

"मी दुकान मागितलं का तुझ्याकडे? एकच सांग. मी गेले, तर माझ्या जागी दुसरी कोणी चालेल तुला?"

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. त्याने मान वर केली. तिच्या ओल्या केसांकडे बघत राहिला.

"नाही गं. शुक्रवारपासूनच दाराकडे बघत बसतो मी. तुझ्याशिवाय... नाहीच चालणार."

"मग इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली होतीस?" तिचे डोळे भरून आले, राग मात्र तसाच होता. त्याच रागात तिने आईला फोन लावला.

"आई, वरळीला कळव, नाव बदलणार नाही... हो, उद्याच आहे, माहितीय... अगं, ऐक तर! मुलगा बदललाय."