आपापलं दार

गणपय्या शास्त्रींच्या घरात झोपलेल्या माणसाला हलवून उठवायला बंदी होती. पायाच्या अंगठ्याला हात लावायचा, हळू आवाजात नाव घ्यायचं आणि तो डोळे उघडेपर्यंत गप्प बसायचं. मग शाळेची वेळ टळो, नाहीतर पाहुणे दारात ताटकळोत. त्यांच्या लेकीला, शरावतीला, लहानपणी याचा भारी वैताग यायचा. पुढे शिमोग्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागल्यावर तर ती हा प्रकार विनोद म्हणून सासरी सांगायची.

शास्त्रींचा जन्म वेदान्त शिकवण्यात गेला होता आणि याचं कारण ते अगदी गंभीरपणे देत. "गाढ झोपेत कोणी बाप नसतो, कोणी लेक नसते. सगळ्यांचं घर एकच. जागं होताना जो तो आपापल्या दारानं बाहेर येतो. घाई केलीस तर एखाद्याचं दार चुकायचं."

या मे महिन्यात आपल्या लहानग्या मुलीला, चिन्मयीला, घेऊन ती तुंगेकाठच्या माहेरी आली, ती अप्पय्यांसाठीच, म्हणजे वडिलांसाठीच. त्यांचं हृदय थकलं होतं. आता फार दिवस नाहीत, असं कोप्प्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. अप्पय्यांनीच उलट सगळ्यांची समजूत काढली. "रोज दुपारी झोपेत जातोच की मी. एक दिवस परतणार नाही, एवढंच. त्यात रडायचं काय?" शरावतीला वडिलांचा फार अभिमान वाटला.

दुपारची जेवणं झाली की आजोबा आणि नात मधल्या खोलीत एकाच चटईवर झोपत. चिन्मयीला झोपताना आईचा पदर लागे. त्याचा काठ दोन बोटांत धरून ती चोळत राही. बोटं थांबली की पोरगी झोपली असं समजायचं.

त्या दुपारीही ती तशीच झोपली. शरावती अंगणातले फणसाचे पापड उलटायला गेली. परत आली तेव्हा उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मग तिला अप्पय्यांचे ओठ दिसले. ते निळे पडले होते. छाती हलत नव्हती. तिनं चिन्मयीकडे पाहिलं. तिचीही हलत नव्हती.

तिनं किंचाळत दोघांनाही खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

"हलवू नको गं!" स्वयंपाकघरातून कावेरीअत्ते ओरडत आली. ही शास्त्रींची धाकटी बहीण, विधवा झाल्यापासून इथेच राहणारी. पण ती पोचेपर्यंत दोघांचेही डोळे उघडले होते.

अप्पय्या रडायला लागले. ओठ काढून, मोठ्यानं, उचक्या देत. बोलायला जात होते, पण जिभेला शब्द सापडत नव्हते. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका, वाचा गेली. शरावतीला ते पटलं.

चिन्मयी रडली नाही. ती उठून बसली आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत राहिली.

संध्याकाळी तिनं अप्पय्या घेत तशी गुळाची कॉफी मागितली. तिला कॉफीचा वाससुद्धा आवडत नसे. दुसऱ्या दिवशी परसात लघवीला जाताना तिचा हात डाव्या खांद्यावर गेला, तिथे काहीतरी चाचपलं, आणि उजव्या कानाभोवती एक वेढा घेऊन रिकामाच खाली आला. शरावती विहिरीपाशी होती. आजोबा जानवं कानाला लावतात ते बघून करत असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. फोनवर नवराही तेच म्हणाला. दुपारी मात्र चिन्मयीनं पदर धरला नाही. हात छातीवर ठेवून ती उताणी झोपली.

तिकडे अप्पय्यांची नजर शरावतीवरून हलत नव्हती. ती खोलीबाहेर गेली की ते कण्हायला लागत.

"नीट उठवलं असतंस तर..." एवढंच म्हणून कावेरीअत्ते तोंड फिरवायची. चिन्मयीला ती जवळ घेईनाशी झाली होती.

एकदा भर दुपारी चिन्मयी पाठमोरी ओसरीवर बसली होती. ताठ, मांडी घालून. शरावती मागे येऊन उभी राहिली. का ते तिचं तिलाही कळलं नाही, पण तिनं हाक मारली.

"अप्पय्या?"

"काय गं?" मान न वळवता चिन्मयी म्हणाली.

शरावती खांबाला धरून खाली बसली. "माझी पोर परत द्या मला. तुम्हाला तर मरणाची भीती नव्हती!" आपण आपल्या मुलीला 'तुम्ही' म्हणतोय, हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

चिन्मयीनं तोंड अंगणाकडेच ठेवलं.

"घाबरलो गं, शरू," ती बारीक आवाजात म्हणाली. "ऐन वेळी घाबरलो."

"दोघं पुन्हा झोपा. या वेळी मी नीट उठवते. नाव घेऊन, हळू."

"बरं."

ती निमूट आत आली आणि अप्पय्यांशेजारी चटईवर आडवी झाली. तिनं डोळे मिटले. अत्तेनं दार लोटून घेतलं. शरावती दोघांच्या मधे बसली.

अप्पय्यांचा श्वास अडकत होता. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

त्यांचा हात चटईवरून सरकत आला. सुरकुतलेल्या दोन बोटांनी तिच्या पदराचा काठ धरला आणि चोळायला सुरुवात केली.

"चिन्नू," शरावती त्या हातावर वाकली. "थांब हं बाळा. थोडीशी थांब."

तिनं दुसऱ्या बाजूला पाहिलं. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या.

"झोपा ना, अप्पय्या. पाया पडते तुमच्या. झोपा."

पापण्या आणखी घट्ट मिटल्या.

पदरावरची बोटं सावकाश झाली.

मग थांबली.

अत्तेनं भावाच्या नाकापाशी हात धरला आणि हंबरडा फोडला. शरावती हलली नाही. पदराचा काठ अजून त्या बोटांत होता.

चटईच्या पलीकडच्या कडेला चिन्मयीनं डोळे उघडले. त्यांत झोपेचा मागमूसही नव्हता.